अँडीजच्या खिंडीत, ओझे वाहणाऱ्यांच्या सोबतीने

हौसेने डोंगर चढायला जाणे ही आपल्या वस्तीत सहसा बोलली जाणारी गोष्ट नाही. आपली माणसे डोंगर चढली ती जळणासाठी, गवताच्या भाऱ्यासाठी, नाही तर खाणीवर खडी फोडायला. पाठीला पिशवी लावून चार दिवस चालायचे, रात्री तंबूत झोपायचे आणि वर त्यासाठी पैसेही मोजायचे, हे ऐकून आमच्या शेजारच्या काकू म्हणाल्या, "एवढं चालायचंच होतं तर सहा डिसेंबरला चैत्यभूमीपर्यंत चालत जायचं की भाऊ!"

काकूंचे म्हणणे ऐकून आम्हीही हसलो. तरी आम्ही गेलो, आणि गेलो ते थेट दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशात. एका कारकुनाला हे कसे परवडले, हा प्रश्न वाचकांच्या मनात सर्वांत आधी येईल आणि तो यायलाच हवा. आमच्या थोरल्या बहिणीचा मुलगा शिष्यवृत्तीवर शिकून इंजिनिअर झाला. त्याच्या कंपनीने त्याला कामानिमित्त पेरूची राजधानी लिमा येथे पाठविले. शाळेची काही वर्षे तो आमच्याच खोलीत राहून शिकला होता. त्याने तिकिटेच पाठविली आणि फोनवर सांगितले, "मामा, मामीला घेऊन या. नाही म्हणायचं नाही." २०२४ च्या जून महिन्यात आम्ही उभयता निघालो.

या प्रवासात पाहण्यासारखे पुष्कळ होते. पण आम्हाला वाचकांना सांगायचे आहे ते चार दिवसांच्या पायी वाटेतल्या दुसऱ्या दिवसाविषयी. त्या दिवशी जे पाहिले ते आपल्या माणसांना कळावे असे वाटते.

वाट कशी आहे?

अँडीज ही दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम कडेने उभी असलेली प्रचंड पर्वतरांग. स्पॅनिश लोक १५३२ साली तिथे चालून आले. त्यापूर्वी तिथे इन्का राज्य होते. त्या राज्याने डोंगरातून दगडी रस्त्यांचे जाळे विणले होते. सर्व वाटा मिळून ते ३०,००० किलोमीटरच्या वर भरते. २०१४ साली युनेस्कोने या रस्त्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यातलीच सुमारे ४३ किलोमीटरची एक वाट माचू पिचू या प्राचीन दगडी नगरापर्यंत जाते. आम्ही चाललो ती हीच.

या वाटेवर स्वतःच्या मनाने कुणाला जाता येत नाही. परवाना लागतो आणि सोबत नोंदणी झालेला वाटाड्या लागतो. दिवसाला साधारण ५०० माणसांनाच सोडतात. त्यात पाहुणे २०० च्या आसपास, बाकीचे वाटाडे, स्वयंपाकी आणि हमाल. म्हणजे फिरायला येणाऱ्यांपेक्षा त्यांच्यासाठी राबणारेच जास्त! दर फेब्रुवारीत पावसामुळे वाट बंद ठेवतात.

उंचीचा अंदाज यावा म्हणून सांगतो. आपले महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई, उंची १६४६ मीटर. आम्ही चढाईआधी तीन दिवस थांबलो ते कुस्को शहरच ३४०० मीटरवर आहे. हवा विरळ असल्यामुळे जिना चढला तरी धाप लागते. शरीराला सवय व्हावी म्हणून तिथे आधी थांबावेच लागते. घाई केली तर डोके ठणकते, मळमळते, प्रसंगी जिवावरही बेतते. तिथले लोक कोकाच्या पानांचा काढा पितात, पाने गालात धरून चघळतातही. पेरूमध्ये त्याला बंदी नाही.

ओझ्याचा काटा

पहिल्या दिवशी, जिथून वाट सुरू होते तिथे, आम्ही एक गोष्ट पाहिली आणि ती पुढचे चारही दिवस डोक्यातून गेली नाही. तपासनाक्यावर वजनकाटा लावलेला होता. आमच्या तुकडीतले हमाल रांगेत उभे होते आणि प्रत्येकाचे गाठोडे काट्यावर चढत होते. वीस किलोच्या वर भरले की सामान काढायला लावायचे. आम्हा पाहुण्यांच्या पिशव्याही त्यातच होत्या, प्रत्येकाची सात किलोची. तंबू, भांडी, गॅसची टाकी, धान्य, बटाटे, सगळे याच पाठींवर.

वाटाड्याने सांगितले की, पूर्वी असे नव्हते. चाळीस-चाळीस किलोपेक्षाही जास्त ओझे माणसाच्या पाठीवर असायचे, झोपायला धड जागा नसायची, पाहुण्यांचे उरलेसुरले खायचे. हमाल संघटित झाले, ओरड झाली, तेव्हा २००१ साली पेरूच्या संसदेने हमालांसाठी कायदा केला आणि वीस किलोची मर्यादा घातली. आता काही तुकड्यांत बायकाही हमाली करतात, त्यांच्यासाठी पंधरा किलो. पुढे २०२२ साली हमालांसाठी आणखी एक कायदा झाला. कायदा झाला म्हणजे सगळे सुरळीत झाले असे नाही, असेही तो म्हणाला. नाक्याच्या अलीकडे वजन कमी दाखवून पलीकडे वाढवणारे मालक होतेच. म्हणून दुसऱ्या ठिकाणी पुन्हा काटा असतो.

आम्ही विचारले, "मग खेचरे का लावत नाहीत?" त्यावर वाटाड्या म्हणाला, "या वाटेवर खेचरांना मनाई आहे. खुरांनी जुन्या दगडी पायऱ्या उखडतात."

पत्नी आमच्याकडे बघून हळूच म्हणाली, "अहो, म्हणजे दगड मोडू नये म्हणून माणसाची पाठ!"

यावर आम्ही काय बोलणार? दगड जपायला हवेत हेही खरेच होते.

येथे आमच्या घरचे थोडे सांगितले पाहिजे. आमचे वडील रेल्वेच्या मालधक्क्यावर हमाल होते. शंभर किलोचे पोते पाठीवर घेऊन फळीवरून वॅगनमध्ये चढायचे. महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला. त्याखाली वडिलांची मंडळात नोंद झाली. मजुरी मंडळामार्फत हातात पडू लागली, फंड कापला जाऊ लागला. त्याच मजुरीवर आम्ही बी.कॉम. झालो आणि खुर्चीत बसून हिशेब लिहू लागलो. अशा बापाच्या मुलाची पिशवी दुसऱ्या कुणाच्या बापाच्या पाठीवर! मनाला ते रुचेना. भाच्याला तसे बोललो, तर तो म्हणाला, "मामा, आपण आलो नाही तर त्यांचा रोज बुडतो. शेतीवर त्यांचं भागत नाही. तुमची पिशवी तुम्ही उचललीत तर एका माणसाचं काम जाईल." त्याचे म्हणणे खोटे नव्हते. आमचेही मन खोटे नव्हते. या दोहोंच्या मधूनच आम्ही दुसऱ्या दिवशी चाललो.

खिंडीची चढण

पहाटे साडेपाचला तंबूबाहेर हाक आली. एक हमाल गरम काढ्याचे पेले आणि तोंड धुवायला कोमट पाणी घेऊन उभा होता. जूनमध्ये तिकडे हिवाळा. तंबूवर दहिवर गोठले होते. रात्री अंगावर होते नव्हते ते सगळे घालून आम्ही झोपलो होतो.

न्याहारी करून निघालो. वाय्याबाम्बा हे या वाटेवरचे शेवटचे वस्तीचे गाव, उंची साधारण ३००० मीटर. तिथून चढून जायचे होते ४२१५ मीटरवरच्या खिंडीत. म्हणजे एका सकाळी बाराशे मीटरची चढण. कळसूबाईच्या अडीच पटीहून अधिक उंचीवर! खिंडीचे नाव वार्मी वान्युस्का. केचुआ भाषेत याचा अर्थ मेलेली बाई. खालून पाहिले तर डोंगराची धार निजलेल्या बाईसारखी दिसते, म्हणून हे नाव. अर्थ ऐकून पत्नी म्हणाली, "नावानंच निम्मा जीव गेला. उरलेला निम्मा चढताना जाईल."

आरंभी ओढ्याकाठची झाडी होती. शेवाळलेली, वेडीवाकडी, तांबूस सालीची झाडे. सालीचे पापुद्रे कागदासारखे सुटत होते. पायाखाली दगडी पायऱ्या, कुठे गुडघाभर उंच तर कुठे वीतभर. आम्ही वीस पावले चालायचो आणि थांबायचो. त्या उंचीवर हवेचा दाब समुद्रकाठच्या मानाने साठ टक्क्यांच्या आसपासच असतो. छाती भात्यासारखी चालते आणि तरी पुरत नाही. पाणीसुद्धा तिथे ८६-८७ अंशांवरच उकळते, म्हणून भात-डाळ शिजायला वेळ लागतो.

आणि या चढणीवर आमच्या मागून हमाल आले. तंबू मोडून, भांडी घासून, सगळे बांधून ते आमच्या नंतर निघालेले. वाटाडा ओरडला, "हमाल येत आहेत, डोंगराच्या अंगाला व्हा!" आम्ही बाजूला झालो. पाठीवर गाठोडे, गालात कोकाची पाने, त्यांतल्या दोघांच्या पायांत जुन्या टायरच्या चपला. टायरच्या चपला आमच्या आजोबांच्याही पायांत होत्या. ते जवळजवळ धावतच गेले. पुढे जाऊन त्यांना आमच्या आधी मुक्कामावर तंबू उभे करायचे होते, स्वयंपाक लावायचा होता.

युयुचापाम्पा या ३८०० मीटरवरच्या पठारावर पोहोचेतो पत्नीचे ओठ सुकले होते. पाठीवरची चार किलोची पिशवीही तिला होईना. पाणी, रेनकोट, स्वेटर, औषधे, एवढेच काय ते त्यात. एक हमाल तिथे दम घेत बसला होता. पन्नाशीचा असावा. त्याने तिच्याकडे पाहिले आणि हाताने खूण केली, दे इकडे पिशवी.

पत्नीने मान हलवली. भाच्याला म्हणाली, "त्याला सांग, दादा, तुझ्या पाठीवर सरकारनं वजन मोजून दिलंय. त्यात माझं घालायचं नाही."

भाच्याने ते वाटाड्याला इंग्रजीत सांगितले, वाटाड्याने केचुआत. तो हमाल आधी नुसताच बघत राहिला, मग खो-खो हसला. उठून त्याने स्वतःच्या कनवटीची कोकाची चार पाने पत्नीच्या हातावर ठेवली आणि गाठोडे उचलून चालू लागला. पाणी आणि औषधे भाच्याने घेतली, रेनकोट-स्वेटर आम्ही घेतले. वाटाड्याने तिला स्पष्ट विचारले, "डोकं दुखतं का? उलटी होते का? असेल तर इथूनच मागे फिरू, त्यात कमीपणा नाही." दुखत नव्हते, फक्त दम लागत होता. "मग हळू चला, पण चालत राहा," तो म्हणाला.

शेवटचे चारशे मीटर चढायला आम्हाला दोन तासांच्या वर लागले. झाडी संपली, नुसते पिवळे गवत उरले. वारा कान कापीत होता. दुपारी आम्ही खिंडीत पाय ठेवला. पलीकडे ढगांच्या वर पांढरी शिखरे! लोक दगडावर दगड रचत होते, डोंगराला कोकाची पाने वाहत होते. ते त्यांच्या श्रद्धेने. आम्ही बाजूला उभे राहून पाहिले. पत्नी एका दगडावर बसली आणि म्हणाली, "माझी आई लाकडाची मोळी घेऊन डोंगर उतरायची. वरून काय दिसतं ते बघायला तिला कधी वेळच मिळाला नाही."

आम्ही काही बोललो नाही. पलीकडे पाकायमायोच्या खोऱ्यात सहाशे मीटर उतरलो. उतारावर पायऱ्याच पायऱ्या, गुडघे बोलू लागले. मुक्कामावर पोहोचलो तेव्हा तंबू उभे होते आणि हमाल टाळ्या वाजवून आमचे स्वागत करीत होते. वास्तविक टाळ्या त्यांच्यासाठी वाजायला हव्या होत्या.

संध्याकाळची ओळख

संध्याकाळी जेवणाआधी वाटाड्याने सर्वांना गोल उभे केले. प्रत्येकाने नाव, गाव, मुलेबाळे सांगायची अशी तिथली पद्धत. अठरा हमाल होते, ओयान्तायताम्बोच्या वरच्या डोंगरगावांतले. बहुतेकांची बटाट्याची शेती. आपण ज्या बटाट्याचा वडा खातो तो बटाटा मूळचा याच अँडीजमधला. इथूनच तो जगभर गेला. थंडीत बटाटे रात्रभर उघड्यावर गोठवायचे, दिवसा पायाने तुडवून पाणी काढायचे आणि वाळवायचे, असे टिकाऊ बटाटे हे लोक शेकडो वर्षांपासून करतात.

पठारावर भेटलेला तो वडीलधारा हमाल बोलायला उभा राहिला. आपली मुलगी कुस्कोला शिकते, एवढे सांगून त्याने आम्हालाच विचारले, "तुमच्या देशात ओझे कोण वाहते?"

आम्ही सांगितले, "आमचे वडील."

वाटाड्याने दोनदा विचारून खात्री करून घेतली आणि मग केचुआत सांगितले. सगळे आमच्याकडे बघू लागले. किती किलो, असे एकाने विचारले. शंभर म्हटल्यावर "आतातौ" असे काहीसे शब्द निघाले. कायदा नव्हता का, असे दुसऱ्याने विचारले. १९६९ साली झाला, असे आम्ही सांगितले. ते साल ऐकताच तो वडीलधारा माणूस पुढे सरकला.

त्याने जे सांगितले ते वाटाड्याने आणि भाच्याने मिळून आम्हाला समजावले. पेरूच्या डोंगरात मोठमोठ्या जमीनदारांच्या जहागिरी होत्या. केचुआ माणसाने जमीनदाराचे शेत कसायचे आणि जमिनीच्या छोट्या तुकड्याच्या बदल्यात पाळीपाळीने त्याच्या वाड्यावर फुकट राबायचे. अशा राबणाऱ्याला पोंगो म्हणत. या माणसाचा आजा पोंगो होता. २४ जून १९६९ रोजी जनरल वेलास्कोच्या सरकारने जमीनसुधारणेचा कायदा केला, जहागिरी मोडल्या आणि कसणाऱ्याला जमीन मिळू लागली. त्या दिवसाला पूर्वी इंडियनांचा दिवस म्हणत, तेव्हापासून शेतकऱ्यांचा दिवस म्हणू लागले. त्याच्या बापाच्या वाट्याला तेव्हा जमीन आली.

वाचकहो, हे ऐकताना आम्हाला कुणी परका माणूस बोलतो आहे असे वाटेना. वतनाच्या तुकड्यापायी गावाची वेठ करणे म्हणजे काय, हे आपल्या आज्या-पणज्यांना ठाऊक होते. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे मंडळात महार वतनासंबंधी बिल मांडले ते याचसाठी. ती वतने कायद्याने रद्द व्हायला १९५८ साल उजाडावे लागले.

आणखी एक गोष्ट कळली. पेरूमध्ये निरक्षराला मताचा अधिकारच नव्हता. तो १९७९ च्या संविधानाने दिला आणि १९८० च्या निवडणुकीत असे लोक प्रथमच मतदान करू शकले. केचुआ भाषिकांत शाळा न पाहिलेले पुष्कळ, म्हणजे मुख्यतः तेच वगळलेले. आमची आजी निरक्षर होती. तिने १९५२ साली, देशाच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीतच मत दिले होते. हे आम्ही सांगितले तेव्हा त्यांना नवल वाटले. खरे सांगायचे तर, हा अधिकार किती मोठा होता हे त्या थंडीत, त्या तंबूत, आम्हालाही नव्याने कळले.

त्या रात्री आम्ही उशिरापर्यंत जागे होतो. पलीकडे जेवणाच्या तंबूत हमाल एकमेकांना बिलगून झोपले होते. कुणीतरी खोकत होते. भाचा म्हणाला, "मामा, अजून मनाला लागतंय का?" आम्ही म्हटले, "लागतंय. पण आता निराळं लागतंय." ओझे वाहण्यात लाज नाही. आमच्या वडिलांना कधी वाटली नाही. लाज आहे ती न मोजता लादण्यात, पुरी मजुरी न देण्यात, पाठीवर बोजा घेतलेल्याला माणूस न समजण्यात आणि त्याच्या मुलांनीही तोच बोजा उचलावा असे गृहीत धरण्यात. तो काटा नाक्यावर आला तो आपोआप आला नाही. हमालांनी भांडून तो आणला. आपल्याकडचा १९६९ चा कायदाही कुणी दानात दिलेला नव्हता.

तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी चालून आम्ही माचू पिचू पाहिले. त्याचे वर्णन पुस्तकांत मिळेल. हायरम बिंगहॅम या अमेरिकन प्राध्यापकाने १९११ साली ते जगापुढे आणले असे पुस्तकात असते. त्याला तिथे नेणारा मेल्चोर आर्तेआगा नावाचा तिथलाच शेतकरी होता आणि त्या अवशेषांत शेतकरी कुटुंबे राहत होती, हे मात्र बारीक अक्षरात असते. वाट दाखवणाऱ्याचे आणि ओझे वाहणाऱ्याचे नाव नेहमी बारीक अक्षरातच का असावे?

परत आल्यावर वस्तीतल्या पोरांनी फोटो मागितले, ते दाखविले. पण आम्ही त्यांना आणखी एक हिशेब घातला. घरी येणाऱ्या गॅसच्या टाकीत १४.२ किलो गॅस असतो. लोखंडी टाकीचे वजन साधारण तेवढेच किंवा थोडे अधिक. म्हणजे भरलेली टाकी तीस किलोच्या आसपास. पेरूतल्या डोंगरावर हमालाला वीस किलोच्या वर उचलू देत नाहीत, आणि आपल्या चाळीत तो मुलगा तीस किलो खांद्यावर घेऊन चार मजले चढतो. कितीदा? कुणी मोजतो का? त्याचे नाव तरी आपल्याला ठाऊक आहे का?

आमच्या घरी आता टाकी आली की पत्नी आधी पाण्याचा तांब्या पुढे करते आणि टाकी तळमजल्यापासून आम्ही दोघे धरून आणतो. यात मोठे काही नाही. पण वस्तीतल्या चार घरांनी असे सुरू केले, आणि त्या मुलांची नोंदणी, विमा, मजुरी यांची चौकशी आपल्या मंडळाने केली, तर ते मोठे होईल. त्या कामाची पहिली बैठक आमच्या खोलीत झाली. सहा मुले आली होती. तुमच्याही वस्तीत अशी मुले आहेत. त्यांना बोलवा, बसवा, विचारा.

जय भीम.